जंगलाचे वेळापत्रक आणि अनुदानाचे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या आसपासच्या शेतांत आणि माळावर तपकिरी-करडे गोळे सापडतात. सहज पाहणाऱ्याला ते दगडच वाटतात, पण ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा आहे. नागपूरला मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या भागातले जीवाश्म गोळा केले. १९३९ साली मॅटले या भूवैज्ञानिकाने पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांवर निबंध लिहिला. पुढे २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी या विष्ठाश्मांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवून दिले. तोवर समज असा होता, की डायनोसॉर संपले आणि त्यानंतर बऱ्याच काळाने गवते पसरली. पिसदुऱ्याच्या शेणाने हा समज मोडला. डायनोसॉरच्या काळात गवत होते, खाल्ले जात होते आणि त्यात भाताच्या कुळाशी नाते सांगणारे प्रकारही होते.

त्याच वरोऱ्यात आनंदवनचे आनंद निकेतन महाविद्यालय १९६४ पासून उभे आहे. जिल्ह्यात विज्ञान शाखेची आणखीही जुनी महाविद्यालये आहेत. तिथल्या प्राध्यापकाला पिसदुऱ्याला जायला एसटीचे तिकीट पुरते. मात्र दगड उचलण्यापासून तो सूक्ष्मदर्शकाखाली योग्य रीतीने ठेवण्यापर्यंतच्या वाटेवर त्याला तीन गोष्टी लागतात: सलग मोकळा वेळ, थोडे पैसे आणि मोठ्या प्रयोगशाळेचे उघडे दार. या तीन गोष्टी एकत्र कधी येतात, कोणाला मिळतात आणि कोणत्या स्पर्धेतून मिळतात, ते या प्रकरणात पाहू.

वर्षातले दहा आठवडे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत महाविद्यालयाच्या वर्षाची वाटणी ठरलेली आहे. अध्यापनाचे तीस आठवडे, म्हणजे एकशे ऐंशी दिवस. प्रवेश, परीक्षा वगैरेंचे साधारण दहा आठवडे. सुट्ट्यांचे दहा आठवडे, आणि उरलेल्या दोन आठवड्यांएवढ्या सार्वजनिक सुट्ट्या. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष शिकवायचे असते, सहयोगी प्राध्यापकाने चौदा.

कागदावर हे सुटसुटीत दिसते. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या महाविद्यालयात मात्र या सोळा तासांभोवती इतर कामांचे कुंपण असते. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, निवडणुकीची ड्युटी, ‘नॅक’च्या फायली, अंतर्गत गुणांच्या याद्या, रिक्त पदांमुळे अंगावर आलेले दुसऱ्याचे तास. २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. या दोन जिल्ह्यांची महाविद्यालये त्याला जोडली गेली आणि विद्यापीठाच्या कामासाठी नागपूरची खेप करण्याची गरज कमी झाली. पण विद्यापीठ जवळ आले म्हणून प्राध्यापकाचा दिवस काही मोठा झाला नाही. सलग विचार करायचा, रोज एकाच जागी जाऊन नोंदी घ्यायच्या, तर उन्हाळ्याची सुट्टीच हाती उरते. त्यातूनही उत्तरपत्रिकांची तपासणी वजा करावी लागते.

ही सुट्टी येते ती देशातल्या सर्वांत तापणाऱ्या प्रदेशांपैकी एकात. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांना टेकतो. माणसाला घरात बसवणारा हा महिना जंगलाचा अभ्यास करणाऱ्यासाठी मात्र ऐन सुगीचा असतो.

जंगल केव्हा बोलते

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटे टोपल्या घेऊन बायामुले झाडाखाली असतात. कोणत्या झाडावर कोणाचा हक्क, वेचलेला मोह किती, घरात किती राहतो आणि व्यापाऱ्याकडे किती जातो, हे त्या तीन-चार आठवड्यांतच मोजता येते. मग चारोळी येते. मे महिन्यात तेंदूची तोड सुरू होते. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा बांधतात आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा पेसा आणि वनहक्क कायद्यांच्या आधारे तेंदू स्वतः विकतात. लिलाव कसा झाला, मजुरी कधी मिळाली, स्वामित्वधनाचे पैसे गावाने कशावर खर्च केले, हे अर्थशास्त्राचे आणि राज्यशास्त्राचे जिवंत प्रश्न आहेत. पण तोडीचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो. जुलैत जाऊन विचारले तर आठवणी मिळतात, आकडे मिळत नाहीत.

पाण्याचेही तसेच. पूर्व विदर्भात हजारो मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव आहेत. गोंड राजवटीपासून बांधले गेलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात असलेले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेलेले हे तलाव. एप्रिल-मेमध्ये त्यांचे पाणी तळाशी जाते. गाळ उघडा पडतो, पाणवनस्पतींचे पट्टे दिसतात, उरलेल्या डबक्यात मासे एकवटतात आणि ढिवर समाजाच्या हाती काय लागते ते समजते. तलावाची खरी प्रकृती तपासायची तर हीच वेळ असते. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरच्या प्राण्यांची नोंद घेतात, तीही याच कारणाने. पाणी थोड्याच ठिकाणी उरलेले असते, त्यामुळे प्राणी तिथे येतातच.

जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि पडदा पडतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग इथल्या लोकांना पाठ आहेत. सिरोंचा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत दुर्गम गावांपर्यंत जायचे असेल तर मृगापूर्वी काम उरकावे लागते. म्हणजे प्राध्यापक मोकळा असण्याचा काळ आणि जंगल बोलते असण्याचा काळ इथे नेमका जुळतो. असा योग फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला येतो. तिसरा धागा, म्हणजे पैसा, तेवढा वेळेवर यायला हवा.

अमेरिकेतला उन्हाळा, आपला उन्हाळा

उन्हाळी संशोधनासाठी स्पर्धेतून पैसे देण्याची पद्धत अमेरिकेत चांगलीच रुळलेली आहे. तिथल्या बहुतेक प्राध्यापकांचा करार नऊ महिन्यांचा असतो. उरलेल्या तीन महिन्यांचा पगार त्यांनी स्वतः उभा करायचा. म्हणून तिथली राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानासारखी संस्था प्रकल्पाच्या पैशातून साधारणपणे दोन महिन्यांचा पगार घेऊ देते. मानव्यविद्यांसाठीच्या राष्ट्रीय निधीची ‘समर स्टायपेंड’ योजना सलग दोन महिने लेखन-संशोधन करण्यासाठी ठरावीक रक्कम देत आली. ती कित्येक वर्षे सहा हजार डॉलर होती. तिथे हा पैसा प्राध्यापकाचा वेळ विकत घेतो. त्याला उन्हाळ्यात दुसरे शिकवण्याचे काम पत्करावे लागू नये, एवढाच त्याचा हेतू.

आपल्या अनुदानित महाविद्यालयातल्या कायम प्राध्यापकाला मे महिन्याचा पगार मिळतोच. त्याचा वेळ सरकारने आधीच विकत घेतलेला आहे. त्याला पैसे लागतात ते जीपच्या भाड्याला, माडिया बोलणाऱ्या दुभाष्याच्या रोजाला, रसायनांना, नमुने नागपूर-पुण्याला पाठवायला. त्यामुळे भारतातल्या लहान संशोधन अनुदानांत प्रमुख संशोधकाला वेतन बहुधा नसते. प्रवास, पुस्तके, उपकरणे, सेवा असे ‘हेड’ असतात.

पण या चित्रात एक मोठा माणूस राहून जातो. तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक. महाराष्ट्रातल्या रिक्त पदांचा भार गेली कित्येक वर्षे याच वर्गाच्या खांद्यावर आहे. त्याला तासाप्रमाणे मानधन मिळते आणि सत्र संपले की तेही थांबते. त्याची अवस्था अमेरिकेतल्या नऊमाही प्राध्यापकासारखीच, फक्त त्याच्या उन्हाळ्यासाठी कोणतीही स्टायपेंड नाही. बहुतेक योजना कायम पदावरच्या शिक्षकासाठी असतात. त्यामुळे नेट-सेट किंवा पीएच.डी. झालेला, तिशीतला, स्थानिक बोली जाणणारा, गावोगाव नातेवाईक असलेला संशोधक मे महिन्यात खासगी शिकवण्या घेतो किंवा घरच्या शेतीवर राबतो. या दोन जिल्ह्यांतले सर्वांत तयार हात उन्हाळ्यात असे रिकामे नसतात, तर दुसरीकडे गुंतलेले असतात.

‘मायनर’चे दिवस

चाळिशीपुढच्या कोणत्याही प्राध्यापकाला ‘मायनर केलेय का?’ असे विचारले तर त्याला संदर्भ सांगावा लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची लघु संशोधन प्रकल्प योजना ही लहान महाविद्यालयांतल्या कित्येकांची संशोधनाशी झालेली पहिली ओळख. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे अर्ज आयोगाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय कार्यालयाकडे जात. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विज्ञानासाठी पाच लाखांपर्यंत आणि मानव्यविद्या-सामाजिक शास्त्रांसाठी तीन लाखांपर्यंत मर्यादा होती. ‘मेजर’ची मर्यादा अनुक्रमे वीस आणि पंधरा लाख.

दारात पहिली अट कायद्याची. महाविद्यालय आयोगाच्या १९५६ च्या कायद्याच्या कलम २(एफ) आणि १२(बी) खाली मान्यताप्राप्त हवे. प्राध्यापकांच्या भाषेत ‘बारा-बी’. गावात नव्याने निघालेल्या विनाअनुदानित महाविद्यालयाला ही मान्यता नसे, मग तिथला माणूस कितीही हुशार असो. त्यानंतर प्रस्ताव, तज्ज्ञांची छाननी, मंजुरीचे पत्र, पहिला हप्ता. काम संपले की सनदी लेखापालाने तपासलेले हिशेब आणि ‘यूसी’, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. ते गेल्यावर उरलेला हप्ता. हा शेवटचा हप्ता अनेकदा इतका उशिरा येई, की प्राध्यापकाने खिशातून घातलेले पैसे परत मिळेपर्यंत विषयावर धूळ साचलेली असे.

इथे दोन वेळापत्रकांची गाठ पडते. सरकारी पैशाचे वर्ष ३१ मार्चला संपते. मार्चअखेर घाईघाईने मंजुऱ्या निघतात, बँकेत रक्कम जमा होईतो जून-जुलै उजाडतो. तोवर तेंदूच्या गोण्या गोदामात गेलेल्या, तलाव भरू लागलेले आणि महाविद्यालयात प्रवेशाची रांग लागलेली असते. याला वरातीमागून घोडे म्हणायचे. मग प्राध्यापक काय करतो? क्षेत्रकार्याऐवजी प्रश्नावली वाटतो. हंगामी निरीक्षणाऐवजी ग्रंथालयातल्या दुय्यम आकडेवारीवर अहवाल बांधतो. अशा अहवालांना आपण सुमार म्हणून नावे ठेवतो. पण त्यातल्या अनेकांचे सुमारपण तारखेत आहे, माणसात नाही.

दोषांसह ‘मायनर’ने एक मोठे काम केले. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याला पाच-पंचवीस प्रकाशनांची यादी न मागता तिने संधी दिली. तिच्यातून कुणी तलावातले प्लवक मोजले, कुणी कोळी आणि फुलपाखरांच्या याद्या केल्या, कुणी झाडीबोलीतले शब्द आणि गोंडी गीते नोंदवली, कुणी सिकलसेलच्या कुटुंबांपर्यंत पोचले. बढतीच्या गुणांची ओढही त्यात होती, हे खरेच. तरी दहांपैकी एखाद्याला खरी गोडी लागे आणि तो आयुष्यभर त्या विषयाचा होई. मार्च २०१७ मध्ये बारावी योजना संपली, पंचवार्षिक योजनांचा काळही संपला आणि ही वाट बंद झाली.

मोठ्या रकमा, उंच पायऱ्या

त्यानंतर आलेल्या योजना आकाराने मोठ्या आहेत. २०१९ च्या ‘स्ट्राइड’ योजनेत पाच कोटींपर्यंतच्या रकमा होत्या. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने राज्य विद्यापीठांसाठी ‘शुअर’ नावाची योजना आणली. तीन वर्षांसाठी तीस लाख. २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. पाच वर्षांत पन्नास हजार कोटींचे उद्दिष्ट, त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून यावा अशी अपेक्षा. मोठ्या संस्थेला केंद्र मानून तिच्याभोवती राज्य विद्यापीठे जोडण्याची ‘पेअर’ योजना याच प्रतिष्ठानाची.

हेतू चांगला आहे. आजवर स्पर्धात्मक निधीचा मोठा भाग आयआयटी आणि केंद्रीय संस्थांकडे गेला आणि विद्यार्थी-प्राध्यापकांची बहुसंख्या असलेली राज्य विद्यापीठे मागे राहिली, हे सरकारनेही मान्य केले आहे. अडचण पायऱ्यांच्या उंचीची. तीस लाखांचा प्रस्ताव लिहायला आधी प्रयोगशाळा, प्राथमिक निष्कर्ष आणि प्रकाशने लागतात. ती मिळवायला एक-दोन लाखांचे पहिले काम लागते. तीच खालची पायरी निघून गेली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली ‘मॅथ्यू परिणाम’ सांगितला. ज्याच्याकडे नाव आहे त्याच्याकडे आणखी नाव आणि पैसा वाहत जातो. आरमोरी किंवा अहेरीच्या महाविद्यालयाला हा सिद्धान्त पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

दोन महिने पाहुणा म्हणून

तरीही काही दारे उघडी आहेत आणि ती उन्हाळ्याच्या मापाची आहेत. त्यांची माहिती लहान महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर क्वचितच दिसते.

पहिले दार विज्ञान अकादमींचे. सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली बंगळुरूला स्थापन केलेली भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. ती विद्यार्थ्यांसाठी आहे हे बऱ्याच जणांना माहीत असते. ती शिक्षकांसाठीही आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. निवड झालेला शिक्षक देशातल्या एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दोन महिने काम करतो. प्रवासभाडे आणि मासिक शिष्यवृत्ती मिळते. अर्ज आदल्या हिवाळ्यात करायचा असतो. अर्जाचा जीव म्हणजे आपण काय करू इच्छितो ते सांगणारा छोटा मजकूर.

दुसरे दार पुण्याच्या ‘आयुका’चे. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली उभ्या केलेल्या या आंतरविद्यापीठ केंद्राचा पायाच मुळी विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यातल्या शिक्षकांसाठी होता. तिथली भेट-सहयोगी योजना तीन वर्षांची असते. खगोलविज्ञानात काम करणारा महाविद्यालयीन शिक्षक सवडीप्रमाणे पुण्याला येतो, राहतो, ग्रंथालय आणि संगणक वापरतो, सहकारी मिळवतो आणि परत आपल्या वर्गात जातो.

मानव्यविद्यांच्या शिक्षकासाठी असेच दार शिमल्याला आहे. भारतीय उच्च अध्ययन संस्थेतल्या आंतरविद्यापीठ केंद्राची सहयोगी योजना तीन वर्षांत तीनदा, प्रत्येकी एक महिना, तिथे राहून वाचायला-लिहायला देते. पारा सत्तेचाळीसवर असताना चंद्रपूरच्या इतिहासाच्या प्राध्यापकाने शिमल्यात बसून गोंडकालीन चंद्रपूरवर प्रकरण लिहावे, यात चैन नाही. तो त्या योजनेचा शुद्ध उपयोग आहे.

चौथे ‘टेअर’. यात राज्य विद्यापीठातला किंवा महाविद्यालयातला कायम शिक्षक आपली नोकरी न सोडता आयआयटी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेसारख्या यजमान संस्थेशी तीन वर्षांसाठी जोडला जातो. दरवर्षी काही महिने तिथे काम करावे लागते. संशोधनाचा निधी त्याची मूळ संस्था आणि यजमान संस्था यांत विभागला जातो. उन्हाळ्याची सुट्टी इथे थेट कामी येते.

या चारही योजनांचे एक वैशिष्ट्य आहे. त्या शिक्षकाला मोठ्या संस्थेकडे नेतात. त्यामुळे उपकरणाचा प्रश्न सुटतो, पण मे महिन्यात जंगल मागे राहते. उलट दिशेने, म्हणजे शिक्षकाला त्याच्याच तालुक्यात काम करायला लावणारे लहान अनुदान सध्या विरळ आहे. राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने गोंडवाना विद्यापीठात विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र चालते. स्थानिक वनोपज आणि कारागिरीशी विज्ञान जोडण्याचा त्याचा प्रयत्न या पोकळीच्या जवळ जाणारा आहे.

लहान प्रश्नाची ताकद

स्थानिक आणि लहान प्रश्न म्हणजे दुय्यम संशोधन, असे वाटणाऱ्यांसाठी गडचिरोलीने भक्कम उत्तर देऊन ठेवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने वासा आणि अमिर्झा या दोनच गावांतल्या साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्यांतल्या जेमतेम ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तपासणी झालेली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले आणि स्त्री-आरोग्य म्हणजे बाळंतपण एवढेच समजणाऱ्या जगभरच्या धोरणांना धक्का बसला. दहा वर्षांनी त्यांनी ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बाळांची घरी काळजी घेऊन मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणल्याचे दाखवले. ‘सर्च’ ही स्वतंत्र संस्था, महाविद्यालय नव्हे. पण प्रश्न गावाच्या मापाचा आणि पद्धत जगाच्या मापाची, हा तिचा धडा प्रत्येक प्राध्यापकाला घेता येतो.

प्राध्यापकाचेच उदाहरण हवे असेल तर वा. वि. मिराशी यांचे घ्यावे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवता शिकवता ते वाकाटक आणि कलचुरी कोरीव लेखांचे जगमान्य अभ्यासक झाले. नागभीड तालुक्यातल्या देवटेकच्या शिळेचाही त्यांनी अभ्यास केला. तिच्यावर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा लेख आहे. त्याहून जुन्या ब्राह्मी लेखात प्राण्यांना पकडण्या-मारण्यावर बंदीची आज्ञा आहे. आज ज्या तालुक्यांत वाघ आणि माणूस यांचा संघर्ष रोजच्या वर्तमानपत्रात असतो, तिथलाच दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हुकूम दगडावर कोरलेला आहे. तो वाचायला लागते ती चिकाटी, लिपीचे ज्ञान आणि काही दिवसांचा मुक्काम.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर संशोधन प्राध्यापकाच्याही हातून काढून गावाच्या हाती दिले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने चाललेल्या तिथल्या अभ्यासगटांनी जंगल, कायदा, बांबू यांचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढ्याचे नाव लागले. अशा गावात प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या प्राध्यापकाला आधी ग्रामसभेत बसून आपला प्रश्न समजावून सांगावा लागतो. ही तज्ज्ञ-छाननी कोणत्याही आयोगाच्या छाननीपेक्षा सोपी नसते.

जिंकणारा प्रस्ताव कसा असतो

स्पर्धेत प्रस्ताव पडतो तो बहुधा मोठेपणामुळे. ‘चंद्रपूर जिल्ह्यातील जैवविविधतेचा अभ्यास’ हे शीर्षक पाहिले की परीक्षकाला कळते, की अर्जदाराने दोन महिने मोजलेले नाहीत. तोच माणूस जर लिहील, की ‘नागभीड तालुक्यातल्या दोन मामा तलावांत, एकात गाळ काढलेला आणि एकात न काढलेला, एप्रिल ते जून या काळात पाणवनस्पती आणि मासळी यांत काय फरक दिसतो’, तर प्रश्न मुठीत येतो. दोन तलाव का, हेच का, किती फेऱ्या, काय मोजायचे, उत्तर होय आले तर काय आणि नाही आले तर काय, हे पानभरात सांगता येते.

मग परवानग्या. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पात अभ्यासासाठी शिरायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनविभागाची परवानगी लागते. ताडोबात मे महिन्यात काम करायचे असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारास गेलेला बरा. परवानगीची प्रत जोडलेला प्रस्ताव परीक्षकाला निश्चिंत करतो.

अंदाजपत्रकात सर्वांत जास्त खोटेपणा होतो तो संगणक आणि प्रिंटर यांच्या नावाखाली. खरा खर्च वेगळाच असतो: भाड्याची गाडी, गावातल्या वाटाड्याचा आणि दुभाष्याचा रोज, नमुन्यांची तपासणी, मराठी आणि माडिया-गोंडीत निष्कर्ष सांगणारी एक पत्रिका. ज्या गावाने वेळ दिला त्या गावाला उत्तर परत देण्याचा खर्च लिहिणारे प्रस्ताव थोडे असतात. म्हणूनच ते उठून दिसतात.

वीस लाखांचे गणित

आता एक सरळ हिशेब. एका ‘शुअर’ प्रकल्पाला तीस लाख लागतात. प्रत्येकी एक लाखाची वीस उन्हाळी अनुदाने द्यायला वीस लाख लागतील. या दोन जिल्ह्यांत कोळसा, लोह, चुनखडी, कागद आणि वीज यांचे उद्योग आहेत. खाणींतून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे पैसा जमा होतो, कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी वेगळाच. कोळशाची धूळ, राख, पाण्यातले फ्लोराइड यांचा अभ्यास झाला तर तो या निधीच्या हेतूबाहेरचा ठरू नये. म्हणजे पैशाचा तुटवडा हे कारण फार काळ टिकत नाही.

टिकतो तो नियमांचा प्रश्न. वाटप स्पर्धेने व्हावे, पण स्पर्धा आधीच पुढे असलेल्यांना आणखी पुढे ढकलणारी नसावी. ब्रिटिश अकादमीने दहा हजार पौंडांपर्यंतच्या लहान अनुदानांसाठी २०२२ पासून एक प्रयोग सुरू केला. दर्जाची अट पूर्ण करणाऱ्या अर्जांतून चिठ्ठ्या टाकून निवड करायची. लहान रकमांसाठी चांगल्या आणि थोड्या अधिक चांगल्या अर्जांत केसाएवढा फरक शोधत बसणे महाग आणि बहुधा फोल असते, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे चिठ्ठी म्हटली की भुवया उंचावतील. पण गुणांच्या नावाखाली ओळखीने होणाऱ्या वाटपापेक्षा उघड्यावर काढलेली चिठ्ठी केव्हाही स्वच्छ.

असा निधी उभा करायचा तर त्याची जाहिरात सप्टेंबरात यावी, अर्ज दोन पानांचा असावा आणि नाव झाकून तपासला जावा. निकाल डिसेंबरात लागावा आणि नाकारलेल्यालाही दोन ओळींचे कारण मिळावे. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला अर्ज करता यावा आणि त्याच्यासाठी रकमेत दोन महिन्यांचे मानधन असावे. परवानग्यांसाठी विद्यापीठाने वनविभागाशी एकच खिडकी ठरवावी. हिशेबाचा नमुना एका पानात बसावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, संपूर्ण रक्कम मोहाचा पहिला सडा पडण्यापूर्वी, म्हणजे फेब्रुवारीअखेर, खात्यात जमा झालेली असावी. बाकी अटी थोड्याफार इकडेतिकडे झाल्या तरी चालतील. ही एक तारीख मात्र चुकू नये, कारण तेंदूचा हंगाम मुदतवाढ देत नाही.